फर्मागुडीचा चढ आणि २.९ पोटॅशियम

फोंड्याहून पहाटे सायकल काढायची, फर्मागुडीचा चढ दमानं घ्यायचा, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई करत बाणस्तारीच्या पुलावर पोचायचं, दोन मिनिटं पाणी बघायचं आणि परत फिरायचं. पाच वर्षं हा माझा नेम. वय ५३, पोटापाण्याला गणित शिकवतो, जिवाला भजन लागतं. जूनमध्ये एका सकाळी घरी येऊन सायकल भिंतीला टेकवली आणि छातीत एक ठोका गळला. एक, दोन, तीन, मग रिकामी मात्रा, आणि पुढचा ठोका असा दणक्यात की कानात ऐकू यावा. ताल चुकलेल्या पखवाजवाल्याकडे बघावं तसं मी स्वतःच्याच छातीकडे बघितलं.

चढावर काही होत नसे, हे विशेष. थांबलो की पाच-दहा मिनिटांत सुरू. शिवाय नेहमीच्या चढाला मांड्या भरून यायला लागल्या होत्या आणि रात्री पोटऱ्यांत गोळे. ते मी वयावर ढकललं.

नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीच मे महिन्यात माझं बीपी १५२ वर ९४ निघाल्यामुळे जुन्या गोळीला जोडून दुसरी दिली होती, लघवीवाटे मीठपाणी काढणारी. ईसीजी काढला. नॉर्मल. दहा सेकंदांच्या पट्टीत एकही ठोका चुकला नाही, चुकायचा तो दवाखान्याची पायरी उतरताना चुकला. गॅस असेल, ताण असेल, सायकल चार दिवस बंद ठेवा, असं सांगून त्यांनी पाठवलं. वहिनी म्हणाली, घामातून क्षार जातात, आडसर, म्हणजे शहाळं, पी. मग रोज दोन आडसरं आणि वर मयडे गावचं केळं. पंधरा दिवस मी एखाद्या पाहुण्यासारखा खात-पीत होतो आणि ठोके चुकतच होते.

दुसऱ्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी लांब काढायला लावली. तीत तीन जादाचे ठोके सापडले. असा ठोका वेळेआधी पडतो आणि त्याच्यामागे रिकामी जागा राहते, मला गळल्यासारखा वाटायचा तो हाच. पण त्यांनी पेनाचं टोक ठेवलं ते भलतीकडेच. प्रत्येक ठोक्यानंतर जो गोल उंचवटा यायला हवा, टी म्हणतात तो, माझ्या पट्टीत जवळजवळ झोपला होता आणि त्याच्या मागे एक छोटा आगाऊ उंचवटा उठला होता. ‘ह्याला यू म्हणतात. आजच रक्त द्या.’ संध्याकाळी लॅबमधून फोन आला, सर, रिपोर्ट उद्यावर ठेवू नका. पोटॅशियम २.९. असायला हवं ३.५ ते ५ च्या आसपास.

ती रात्र बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, मॉनिटरखाली काढली. पोटॅशियमचं सिरप तीन चमचे, म्हणजे १५ मिली, ग्लासभर पाण्यातून, दिवसातून तीनदा. चव सांगायची तर समुद्राच्या पाण्यात कुणी साबण धुतला असावा. मॅग्नेशियमही कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही, वरून कितीही ओता. बीपीची नवी गोळी बंद. दोषी सापडला, असं सगळ्यांनाच वाटलं. मलाही.

रात्री झोप नव्हती म्हणून मी हिशेब मांडला, सवयच ती. एका लिटर घामात पोटॅशियम जातं साधारण ४ ते ८ मिलीइक्विव्हॅलंट, क्षार मोजायचं हे माप. दोन तासांच्या सायकलीत दोन लिटर घाम धरला तरी फार तर १६. एका मध्यम केळ्यात १० ते ११. म्हणजे माझा सगळा घाम दीड केळ्याचा! उलट रक्तातला आकडा १ ने खाली आला की शरीरातली तूट २०० ते ४०० ची धरतात, कारण जवळजवळ सगळं पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात दिसतो तो नुसता वरचा तवंग. माझी तूट झाली वीस ते चाळीस केळ्यांची. ही गळती घामाची नव्हेच.

थांबल्यावरच ठोके का चुकतात, हेही तिथेच समजलं. व्यायाम करताना स्नायूंतून पोटॅशियम बाहेर रक्तात येतं, आकडा तात्पुरता चढतो. थांबलात की ते काही मिनिटांत परत आत ओढलं जातं आणि मुळात कमी असलेल्याचा आकडा आणखी खाली. पुढे टीएमटीच्या, म्हणजे ईसीजी लावून चालत्या पट्ट्यावर पळवतात त्या तपासणीत हे डोळ्यांनी बघितलं. धावताना जादाचे ठोके गायब, पट्टा थांबून तीन मिनिटं झाली आणि रांगेत हजर. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र स्वच्छ होता.

मग होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर वागवायचा ईसीजी. छातीवरचे केस भादरून इलेक्ट्रोड चिकटवतात, कमरेला डबी, चोवीस तास आंघोळ नाही. जुलैतल्या गोव्यात, त्या दमटाईत. दुपारपर्यंत दोन चिकट्या सुटल्या, बायकोनं वरून पांढरी पट्टी मारली. संध्याकाळी तसाच भजनाच्या तालमीला गेलो. दामोदराचा सप्ताह तोंडावर आलेला, वास्कोला चोवीस तास अखंड भजन, आमच्या पथकाची पाळी ठरलेली. रिपोर्टात लाखभर ठोक्यांत ४,२१२ जादाचे. शेकड्याला चार. घाबरण्याइतके नाहीत, सोडून देण्याइतकेही नाहीत, असं मत पडलं.

आणि गाडी अडली ती इथे. गोळी बंद होऊन दहा दिवस झाले, सिरप चालू, तरी आकडा ३.२. लघवीची तपासणी केली तर रक्तात टंचाई असूनही लघवीतून पोटॅशियम वाहत होतं. बीपीही उतरत नव्हतं. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन, शरीराला मीठ धरायला लावणारी ही दोन द्रव्यं, त्यांच्या तपासण्या बाहेरून झाल्या, दोन्ही खाली. शरीर मीठ धरून ठेवण्याचा हुकूम देत नाही, तरी मूत्रपिंड हुकूम असल्यासारखं वागतं, असा तो पेच. आयुर्वेदिक काही घेता का, हे मला तीनदा विचारलं गेलं होतं. तिन्ही वेळा मी नाही म्हणालो, आणि खोटं बोलत नव्हतो.

वॉर्डातली एक शिकाऊ डॉक्टर पोर, बोलण्यावरून आमच्याच भागातली, केसपेपर चाळता चाळता म्हणाली, ‘तुमी गायतात न्ही? मागीर गळ्याक कितें घेतात?’

मी सदऱ्याच्या खिशातून ज्येष्ठमधाची काडी काढून दाखवली. अर्धी चघळलेली, टोकाला कुंचल्यासारखी झालेली.

शिगम्यापासून खोकला रेंगाळला होता. सकाळी एक काडी, शाळेत एक, तालमीला एक, रात्री त्याचाच काढा. चार महिने. ते औषध आहे असं कधी मनातच आलं नाही, सुपारी खाणारा सुपारीला औषध म्हणेल काय? ज्येष्ठमधाच्या गोडीत ग्लिसरायझिन असतं. ते मूत्रपिंडातलं एक एन्झाइम दाबून ठेवतं, मग शरीरातलं कॉर्टिसॉल हे साधं संप्रेरकच तिथे अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं, मीठ धरायचं आणि पोटॅशियम फेकायचं. म्हणजे मे महिन्यात बीपी चढवलं काडीनं, त्या बीपीसाठी मिळाली गोळी, आणि गोळीनं उरलंसुरलं पोटॅशियम काढून नेलं. डॉक्टरांवर रागावण्यात अर्थ नव्हता. पहिल्यांनी गॅस म्हटलं त्याचा थोडा राग अजून आहे.

काडी सोडल्यावरही परिणाम लगेच जात नाही. मला तीन आठवडे लागले. ३.६, मग ४.१. चारच्या वर गेल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, अशी तंबी होती. मधे एका मित्रानं कमी सोडियमचं मीठ आणून दिलं, त्यात पोटॅशियमच असतं म्हणून. सिरप चालू असताना ते खाऊ नका, असं डॉक्टरांनी ठणकावलं. पोटॅशियम वाजवीपेक्षा चढलं तरी हृदयच थांबू शकतं आणि मूत्रपिंड कमकुवत असलेल्याला तर लवकर. बीपी आता जुन्या एका गोळीवर १३० च्या आत आहे. दुसऱ्या होल्टरला जादाचे ठोके निघाले ६१.

सप्ताहाला गेलो. गळ्याला नुसती खडीसाखर, आवाज मध्यावर थोडा फाटला. पेटीवर ज्येष्ठमधाची डबी फिरत होती, मी पुढे सरकवली. पेटीवाला माझ्याहून जास्त काड्या चघळतो, वर्षानुवर्षं. त्याच्या मागे लागून लागून गेल्या महिन्यात त्याचं रक्त तपासून घेतलं. पोटॅशियम ४.४, बीपी १२४. तेव्हापासून तो तालमीला माझ्यासमोर बसून मुद्दाम आवाज करत चघळतो.