चिलखत एक, धनी तीन

लंडनमधल्या एका संग्रहालयात जुन्या छापचित्रांच्या नोंदी ठेवणं हे माझं काम. एरवी दिवस कोरडाच जातो: कागदाची मापं, डाग, मागची पेन्सिलीची खूण. त्या दिवशी मात्र पिएर लोंबार या फ्रेंच कोरीवकाराच्या, तांब्याच्या एकाच कोरीव पत्र्यावरून काढलेले तीन छाप टेबलावर आले. साधारण 1655 चं काम. पहिल्यावर चिलखत घातलेला, घोड्यावर बसलेला ऑलिव्हर क्रॉमवेल, राजाविरुद्ध लढून सत्ता हाती घेणारा. दुसऱ्यावर त्याच घोड्यावर इंग्लंडचा तोच राजा, पहिला चार्ल्स. तिसऱ्यावर घोडा, हातातला दंड, लखलखतं चिलखत सगळं जागच्या जागी, फक्त मुंडकं नाही. मानेवर कोरा कागद!

चार्ल्सचं डोकं 1649 मध्ये खरोखरच उडवलं गेलं होतं आणि त्या हुकमावर सही करणाऱ्यांत क्रॉमवेलही होता. त्याच क्रॉमवेलला घोड्यावर बसवताना लोंबारनं बैठक उचलली ती चित्रकार व्हॅन डाइकनं 1633 मध्ये रंगवलेल्या चार्ल्सच्या चित्रातून. राजा नको, पण राजाचा रुबाब हवा!

चित्रातल्या बाहूवरच्या चिलखतावर भिंग धरलं. कडेला कोरणीच्या रेघा दाट आणि जाड, उभाराकडे येता येता केसासारख्या बारीक, आणि मधोमध कागद चक्क मोकळा सोडलेला. पोलादाची सगळी चकाकी त्या न कोरलेल्या जागेत. तिन्ही छापांत रेघेला रेघ जुळत होती. चेहऱ्याचं काम त्यामानानं सोपं. तांबं खरवडायचं, घोटून गुळगुळीत करायचं, खळगा पडला की मागून ठोकून वर आणायचा आणि नवं तोंड कोरायचं. एवढं मेहनतीचं चिलखत कोण कशाला पुसेल?

बरं, प्रत्यक्ष लढाईत तेव्हा असं अंगभर चिलखत मागे पडत चाललेलं. क्रॉमवेलचे स्वार जाड चामड्याच्या कोटावर छातीपाठीचे पत्रे नि शिरस्त्राण घालत. हा सगळा थाट चित्रापुरताच.

आमच्याकडे शिकायला आलेली कोल्हापूरची मुलगी वाकून बघत होती. म्हणाली, "ताई, हे जत्रेतल्या फोटोवाल्यासारखं झालं की! पडद्याला भोक, तोंड ज्याचं त्याचं."

खरी पंचाईत पुढे. नोंदीत 'चित्रित व्यक्ती' असा रकाना असतो. बिनमुंडक्याच्या छापाला आमचे साहेब म्हणाले, "अनामिक लिहा." मी अडून बसले. बैठक चार्ल्सची, जमाना क्रॉमवेलचा, शिवाय याच पत्र्यावर कधीतरी फ्रान्सच्या चौदाव्या लुईचंही तोंड बसवलं होतं. चहा गार होईपर्यंत वाद चालला. शेवटी तिन्ही नावं घातली आणि रकाना पुरेना म्हणून लुईला शेऱ्यात ढकललं.