‘भाषा कच्ची’ हा शेरा मी का खोडला

गेल्या जूनमध्ये आमच्या बालवाडीत दाखल झालेल्या एका साडेतीन वर्षांच्या मुलाच्या नोंदपत्रकात मी पहिल्याच महिन्यात तीन शेरे लिहून मोकळी झाले होते : ‘भाषा कच्ची, संख्याज्ञान नाही, इतरांत मिसळत नाही.’ त्याला चित्रांचा तक्ता दाखवून ‘हे काय आहे?’ असे मी पाच-सहा वेळा विचारले होते आणि तो माझ्या साडीच्या काठाकडे पाहत मुकाट उभा राहिला होता. तेवढ्या बळावर हे तीन शेरे.

पुढे बेंदूर हा बैलांचा सण झाल्यानंतरच्या आठवड्यात मी पाण्याच्या टबांजवळ वही घेऊन बसले होते. या मुलाने चार पेले ओळीत मांडले, प्रत्येकात एकेक माप पाणी ओतले आणि समोर पेला धरून उभ्या असलेल्या मुलीला तो म्हणाला, ‘थांबा की वहिनी, फेस बसू द्या, मग मापतो.’ चौथा पेला अर्धाच भरल्यावर ‘ह्यात कमी हाय’ असे म्हणून त्याने पहिल्या पेल्यातले थोडे पाणी त्यात घातले आणि दोन्ही पेले शेजारी ठेवून खाली वाकून पाहिले. कोल्हापूरकरांना सांगायला नको की हा गंगावेशीतला, म्हशींचे ताजे दूध गिऱ्हाइकाला तिथेच पेल्यातून मापून देतात तो, दूधकट्टा होता. घरी म्हशी असलेल्या या मुलाला एकास-एक संगती, कमी-जास्तची तुलना, मोठ्या माणसाशी बोलण्याची रीत आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला लावण्याचा अधिकार हे सगळे येत होते; फक्त तक्त्यावरच्या अननसाशी त्याचे काही देणेघेणे नव्हते.

तेव्हापासून मी वहीच्या पानावर मधोमध रेघ मारते. डावीकडे तारीख, वेळ, जागा आणि जे दिसले-ऐकू आले तेवढेच, मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत. त्यावरून मला काय वाटते ते उजवीकडे, आणि तेही एकाच प्रसंगावरून नव्हे, तर निरनिराळ्या दिवशींच्या तीन-चार नोंदी जमल्यावर. ‘हट्टी’, ‘हुशार’, ‘लाजाळू’ हे शब्द डावीकडे येऊ द्यायचे नाहीत, एवढा एकच नियम पाळणेही सुरुवातीला मला फार जड गेले. बेंदराला मुलांनी केलेले मातीचे बैल मी आता मोडू देत नाही, कारण जूनमधला नुसता गोळा आणि जानेवारीत चिमटीने ओढून काढलेली शिंगे शेजारी ठेवली की बोटांच्या ताकदीविषयी वेगळे काही लिहावे लागत नाही.

2022 च्या पायाभूत स्तरावरील राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही निरीक्षण आणि मुलांच्या कृतींचे विश्लेषण याच दोन गोष्टींवर भर दिला आहे. तरीही पालकसभेत ‘टक्के किती?’ हा प्रश्न येतोच (मागच्या खेपेला तो एका शिक्षक पालकानेच विचारला). अशा वेळी मी चालण्याचे उदाहरण देते : जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 मधील मानकांनुसार निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ 8.2 ते 17.6 महिने इतका ऐसपैस आहे, आणि लवकर चाललेल्या मुलाला त्याबद्दल पुढे कोणी जादा गुण देत नाही.

मात्र ‘प्रत्येक मूल आपल्या गतीने वाढते’ हे वाक्य आम्ही शिक्षिका कधी कधी पांघरुणासारखे वापरतो, हेही कबूल केले पाहिजे. पाठीमागून हाक मारल्यावर मूल वळत नाही, असे वेगवेगळ्या दिवशी दिसले, तर वाट पाहणे हा हलगर्जीपणा होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते, तेव्हा त्यातील डॉक्टरांना ‘लक्ष देत नाही’ या शेऱ्यापेक्षा ‘डाव्या बाजूने हाक मारली, वळला नाही, उजवीकडून मारली, लगेच वळला’ ही तारखेसह केलेली नोंद कितीतरी उपयोगी पडते.

दिवाळीच्या सुट्टीआधी त्या मुलाच्या आजी आल्या, तेव्हा मी त्यांना दूधकट्ट्याची नोंद वाचून दाखवली. त्या पदराआड हसल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, फेसाचं त्येचं न्हवं, माझं बोलणं हाय ते. पर पेला वाकून बघायचं मी न्हाई शिकिवलं.’ मी ते वाक्य तारीख घालून डाव्या बाजूला उतरवून घेतले आणि जूनच्या पानावरच्या तीनही शेऱ्यांवर रेघ मारली.