हास्केलमध्ये एकात एक गुंतलेल्या नोंदी बदलताना : माझा अनुभव

दूध संकलनाच्या नोंदी ठेवणारा माझा प्रोग्राम हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत आहे. संघात अनेक केंद्रे, केंद्रात अनेक सभासद, सभासदाच्या रोजच्या नोंदी आणि प्रत्येक नोंदीत लिटर, फॅट व दर, अशी त्याची रचना आहे. सर्व नोंदींचा दर 1 रुपयाने वाढवायचा होता. हास्केलमध्ये जुने मूल्य जागच्या जागी बदलत नाही, नवे रचावे लागते; नेहमीच्या रेकॉर्ड पद्धतीने त्यासाठी मॅपच्या, म्हणजे यादीतील प्रत्येक घटकावर तीच क्रिया करणाऱ्या फंक्शनच्या, आत मॅप लिहावा लागतो. एडवर्ड क्मेट यांच्या लेन्स लायब्ररीत मात्र रचनेच्या एकेका भागापर्यंत नेणाऱ्या लेन्स मिळतात; मधल्या प्रत्येक यादीपाशी तिच्या सर्व घटकांपर्यंत नेणारे ट्रॅव्हर्स घालून सारा मार्ग टिंबांनी जोडला, टोकाची मूल्ये बदलणारे ओव्हर लावले आणि काम एका ओळीत झाले.

अडले ते वाचताना. तोच मार्ग मूल्य वाचणाऱ्या व्ह्यूला, म्हणजे ^. या चिन्हाला दिल्यावर डबलसाठी (दशांश संख्यांच्या टाइपसाठी) मोनॉइडचे (मूल्ये एकत्र जोडण्याच्या नियमाचे) इन्स्टन्स, म्हणजे त्या टाइपपुरती व्याख्या, नाही, असे कंपायलरने कळवले. माझ्या कोडमध्ये मोनॉइडचा उल्लेखही नव्हता आणि मार्गाच्या टोकाला अनेक मूल्ये आहेत, ही खरी अडचण त्या संदेशात कुठेच नव्हती, याचा राग मला आजही येतो. लेन्स नेमक्या एका जागी पोहोचते. ट्रॅव्हर्स घातले की मार्गाचे ट्रॅव्हर्सल होते आणि टोकाला शून्य, एक किंवा कितीही मूल्ये असू शकतात. व्ह्यूला उत्तर एकच द्यायचे असल्याने ती सारी मूल्ये तो मोनॉइडच्या नियमाने एकत्र करू पाहतो, पण संख्यांची बेरीज करायची की गुणाकार हे ठरलेले नसल्याने डबलला तसे इन्स्टन्स दिलेलेच नाही. याहून घातक प्रकार सभासदांच्या नावांचा आहे : स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा टाइप, हे मोनॉइड असल्यामुळे तेथे कंपायलर काहीच बोलत नाही आणि सगळी नावे एकमेकांना चिकटून एकच लांबलचक स्ट्रिंग हाती येते.

अनेक मूल्यांची यादी हवी असेल तर ^.. वापरावे, पहिलेच मूल्य पुरेसे असेल तर ^? वापरावे, म्हणजे ते मेबीमध्ये, म्हणजे मूल्य असेल किंवा नसेल अशा टाइपमध्ये, मिळते. बेरजेसाठी समऑफ आहे. प्रत्येक मार्गाला स्वतंत्र नाव देऊन त्याचा टाइप, लेन्स की ट्रॅव्हर्सल, आधीच लिहून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. केवळ एखादे फील्ड वाचायचे असेल तर जीएचसी या हास्केलच्या कंपायलरमध्ये 9.2 पासून मिळणारे ओव्हरलोडेड रेकॉर्ड डॉट (टिंब देऊन फील्ड वाचण्याची सोय) पुरते, लायब्ररीची गरज नाही. सांगायचे राहिले ते असे की, फील्डांच्या लेन्स आपोआप तयार करणारे मेकलेन्सेस हे टेम्प्लेट हास्केल (कंपाइल होतानाच कोड तयार करणारी सोय) असल्याने त्याने तयार होणाऱ्या लेन्स वापरणारे कोड फाइलमध्ये त्या ओळीच्या खालीच लिहावे लागते आणि मूळ फील्डच्या नावाआधी अधोरेख नसेल तर त्या फील्डची लेन्स तयारच होत नाही.