आमची वाटचाल : ऑक्टोपसकडून मृगळाकडे

मराठवाड्यातल्या शाळांसाठी आम्ही पाण्यातल्या जीवांचे हस्तकला संच बनवतो. पहिल्या संचात सगळं समुद्रातलं होतं : ऑक्टोपस, तारामासा, प्रवाळ. दिसायला देखणं, पण आपल्या मुलांनी पाहिलेलं पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा, मांजरा, नाहीतर गावचा पाझर तलाव. मासा पाहिलेला असतो तो आठवडी बाजारातल्या पाटीत. ज्याला खऱ्याशी ताडून पाहता येत नाही, ते चिकटवून मूल फक्त चिकटवायला शिकतं. म्हणून समुद्र बाजूला ठेवला आणि कटला, रोहू, मृगळ घेतले.

हे तिघे एकाच तळ्यात वाढवतात, कारण तिघांचं खाणं वेगवेगळ्या थरात. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो; त्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, मिशी नाही. रोहू मधल्या थरात असतो, त्याच्या ओठांना झालर. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला, तो तळाच्या गाळातलं कुजलेलं खातो. तोंड पाहून थर ओळखता आला की आमच्या संचाचं काम झालं.

पाच मुलांच्या गटाला बुटांचा एक रिकामा खोका लागतो. तो लांब कडेवर उभा करायचा, आतून निळा कागद. मासे १२ सेंटिमीटर लांबीचे, ३०० जीएसएमच्या (म्हणजे जाडसर) कार्डशीटचे. खवल्यांसाठी दीड सेंटिमीटरच्या गोल चकत्या. एका बाजूला ३०च्या आसपास पुरतात, आम्ही ४० देतो.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मुलं डोक्याकडून खवले लावायला घेतात आणि मग प्रत्येक खवल्याची मोकळी कड तोंडाकडे येते. अशा माशाला पोहताना पाणी अडेल. खऱ्या माशाचे खवले कौलांसारखे असतात, मोकळी कड शेपटीकडे. कौलं जशी वळचणीकडून वर शाकारतात, तशी पहिली ओळ शेपटीजवळ, पुढची तिच्यावर अर्धी चढवून, असं करत कल्ल्यापर्यंत यायचं. चकतीच्या फक्त डोक्याकडच्या अर्ध्या भागाला फेविकॉल. मग पूर्ण झालेल्या माशावरून शेपटीकडे बोट फिरवायला सांगा, नंतर उलटं. उलट्या हाताला खवले अडकतात. बाजारातल्या रोहूवरही हेच जाणवतं.

कल्ल्याचं झाकण वेगळं कापून एकाच कडेला चिकटवायचं, म्हणजे ते उघडतं. आत लाल क्रेप कागदाच्या चार झालरी. खऱ्या माशालाही प्रत्येक बाजूला चारच कल्ले असतात, आणि ते रक्तामुळे लाल दिसतात. डोळ्यासाठी पूर्वी प्लॅस्टिकचे हलणारे डोळे देत होतो. ते निखळतात आणि लहान मुलं तोंडात घालतात, म्हणून आता पंचने कापलेली काळी टिकली देतो. पापण्या काढू देऊ नका, माशाला त्या नसतात.

तळासाठी मुलं हौसेने शेतातली काळी माती आणतात. ती वाळताना आकसते, दोन दिवसांत भेगा पडून पापुद्रे सुटतात. एक वाटी मातीत दोन वाट्या चाळलेली वाळू मिसळा आणि थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड देऊ नका. समोर काचेऐवजी जिलेटिन कागद लावायचा असेल तर फेविकॉल नको. तो ओल धरतो आणि सुरकुततो. दोन्हीकडून चिकटणारी पट्टी वापरा.

चिकटवायची खळ घरी करणाऱ्या शाळांना एकच विनंती. पुस्तकं बांधणारे बाइंडर खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, वर्गात ते अजिबात घालू नका. मुलांच्या पोटात गेलं तर विषारी, आणि उरलेली खळ नाल्यातून तळ्यात गेली तर माशांनाही. त्या दिवसापुरतीच खळ करा.

मासा दोऱ्याने टांगताना एका भोकावर तो नाक खाली करतो, कारण कल्ले आणि खवल्यांचं वजन पुढच्या भागात जास्त. बोटावर तोलून मध्य शोधावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक पाडावं.

दोन तासिका लागतात, मध्ये एक रात्र वाळायला. पावसाळ्यात दोन रात्री धरा. तरी जुलैच बरा : १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. १९५७ साली याच तारखेला ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी कटला-रोहूच्या कुळातल्या कार्प माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन प्रजनन साधलं. हे मासे एरवी पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात नाही. म्हणून तर तलावात दरवर्षी बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडावी लागते, आणि तीही याच दिवसांत. गावच्या तलावावर बोटुकली सोडताना वर्ग नेता आला तर न्या. सोबत एक पांढरी परात असू द्या, बोटभर मासा तिच्यात स्पष्ट दिसतो.