झुरळ बाहेर येण्याची वाट

गेल्या मंगळवारी सकाळी आमच्या घरासमोर एक गाडी येऊन थांबली. इथे जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये माझी खिडकी थेट रस्त्यावर उघडते. चहा घेत मी उभा होतो. दोघांनी हुकानं ओढून चेंबरचं झाकण बाजूला केलं, त्यावर तीन पायांची लोखंडी घोडी उभी केली आणि पंजाएवढं एक यंत्र दोरीनं आत सोडलं. मग थांबले. चांगली पाच-सात मिनिटं. एकानं आकडे टिपून घेतले. त्यानंतर तिसरा माणूस खाली उतरला. त्याच्या छातीला पट्टे, पट्ट्याला दोर, कमरेला तसलंच दुसरं यंत्र. तो आत असेपर्यंत वरच्या एकाचा हात दोराच्या चरकावरून हलला नाही.

ते यंत्र आतला ऑक्सिजन आणि विषारी वायू मोजतं. माझा चहा तसाच राहिला, कारण मला झुरळ आठवलं.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट' या सिनेमात गटारात मेलेल्या एका सफाई कामगाराची बायको साक्ष देते. नवरा आत उतरण्याआधी झुरळ बाहेर येतंय का ते बघायचा. आलं, तर आत हवा आहे. त्याचा एक डोळा आतल्या गॅसनं आधीच गेलेला. ती हे सगळं साध्या आवाजात सांगते, रेशन दुकानाची वेळ सांगावी तसं. आणि खटला कुणावर? नारायण कांबळे नावाच्या म्हाताऱ्या शाहिरावर. त्याच्या गाण्यामुळे त्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप.

हा सिनेमा मी एप्रिल २०१५ मध्ये बर्डीवर पाहिला. बाहेर नागपूरचं ऊन, आत जेमतेम वीस माणसं. शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, एकेक दिवा बंद होतो आणि पडदा काळा. आमच्यातले चार-पाच जण उठून दारापर्यंत गेलेसुद्धा. तेवढ्यात पुन्हा उजेड झाला आणि सहलीला गेलेले न्यायाधीश दिसले. दारातली माणसं तिथेच उभी राहून बघत राहिली.

आदल्या वर्षी 'फँड्री' पाहताना मी हमसून रडलो होतो. 'कोर्ट'नं रडू दिलं नाही. कॅमेरा लांब उभा, हलत नाही, कुणाकडे बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. सरकारी वकीलबाई कोर्टात कठोर बोलतात, मग लोकलनं घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. माझ्या मावशीसारख्याच. मला तिथे धसकाच बसला. अन्याय करणारी माणसं वेगळी असतात, हे मी तोवर धरूनच चाललो होतो.

त्याहून मोठा धक्का घरी आल्यावर. नारायण कांबळेंचं काम करणारे वीरा साथीदार आमच्याच नागपूरचे! 'विद्रोही' या नियतकालिकाचे संपादक, आंबेडकरी चळवळीत आयुष्य घातलेले. मी लक्ष्मीनगरात वाढलो. दीक्षाभूमी आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह जिथे बौद्ध धम्म स्वीकारला, ती जागा. आणि आमच्या घरात दसऱ्याच्या सुमारास तिचा उल्लेख एकाच वाक्यात व्हायचा, "तिकडून जाऊ नको, गर्दी राहते." पंचवीस वर्षं मी ते ऐकलं आणि पाळलं.

त्या वर्षी पहिल्यांदा गेलो. पांढऱ्या कपड्यांतली, रात्रभर प्रवास करून आलेली माणसं. डोक्यावर बोचकं आणि काखेत पुस्तकांची पिशवी. पुस्तकांच्या दुकानांपुढे जी रेटारेटी होती, तशी मी दुसरीकडे कुठल्याच जत्रेत पाहिली नाही. एक आजी मुलाकडून पुस्तकांची नावं वाचून घेत होत्या, तीन वेगळी काढून ठेवली आणि कमरेची पिशवी सोडून पैसे मोजले. मी त्यांच्या मागे कितीतरी वेळ उभा होतो.

पुढे इकडे आलो. आता गर्दीतला मी आहे. एका कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी माझा अर्ज एका कागदापायी तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा राग आलाच. पण त्यांच्या टेबलावर मुलीनं काढलेलं चित्र चिकटवलेलं होतं आणि मला सरकारी वकीलबाई आठवल्या. राग गेला नाही. फक्त तो त्या बाईंवरून नियमाकडे वळला आणि मी नियमाविरुद्ध लेखी तक्रार केली. ही सवय मला त्या सिनेमानं लावली.

वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ ला कोरोनानं गेले. नागपुरातच, आंबेडकर जयंतीच्या आदल्या दिवशी. बातमी मी इथे रात्री वाचली.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. माणसाकरवी मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये सांगितलं, २०२३ मध्ये ते तीस लाख केले. माणसं तरीही उतरतात, तरीही मरतात. समोरच्या रस्त्यावरचं ते यंत्र काही चंद्रावर नेण्याचं नाही. हातात मावतं. ते देता येतं आणि दिलं जात नाही, याचा मला संताप येतो.

मागच्या डिसेंबरात घरी गेलो तेव्हा आई-बाबांना 'कोर्ट' दाखवला. बाबा अधूनमधून उठत होते. आई हलली नाही. झुरळाची साक्ष झाली तशी तिनं टीव्ही थांबवायला सांगितला.

"आपला चेंबर तुंबला की यायचा, तो कोण होता रे?"

मला त्याचे ओले पाय आठवत होते. त्याच्यासाठी कंपाउंडच्या भिंतीवर ठेवलेला, काठाला चेपलेला ॲल्युमिनियमचा गिलास आठवत होता. तो गिलास घरात कधीच यायचा नाही.

"नाव नाही माहीत, आई."

ती उठून मागच्या अंगणात गेली. परत आली तेव्हा म्हणाली, "गिलास अजून आहे तिथं." आणि सिनेमा पुढे चालू कर म्हणाली.