‘तात्पुरता’ हा शब्द खोडताना

आमच्या परड्यात गोबरगॅसची टाकी होती. लोखंडी ड्रम वर आला की गॅस भरलाय, खाली बसला की आज सरपण आणा, इतका साधा हिशेब. त्यामुळे मी इंग्लंडमध्ये खरकट्यापासून गॅस आणि वीज करणाऱ्या प्लांटवर नोकरीला लागले तेव्हा अण्णा फोनवर म्हणाले, "अगं, एवढं शिकून तिथंही गोबरगॅसच?" मी म्हटलं, इथला ड्रम जरा मोठा आहे. तो ड्रम त्या जमिनीवर ठेवायची परवानगी संपत आलीय, हे मात्र सांगितलं नाही.

प्लांट इंग्लंडच्या मध्यभागी, मिडलंड्समधल्या एका जुन्या वाळूच्या खाणीच्या कडेला आहे. मुदत संपलेली सुपरमार्केटची पाकिटं, हॉटेलांतलं उरलेलं अन्न ट्रकने येतं. मशीन वेष्टनं फोडून बाजूला काढतं, उरलेल्याचा लगदा होतो. तुकडे १२ मिलिमीटरपेक्षा बारीक हवेत आणि तो लगदा ७० अंशांवर तासभर तापवलाच पाहिजे, हा कायदा आहे. मग तो डायजेस्टरमध्ये, म्हणजे बंद टाकीत, हवेविना, चाळीसेक अंशांवर. निघालेल्या गॅसवर इंजिन चालतं आणि उरलेली स्लरी शेतांवर जाते. अण्णांना यातलं काहीही नवीन वाटलं नसतं, फक्त ‘हॉटेलातलं अन्न टाकून कशाला देतात’ हा प्रश्न सोडून.

खाणीचा बाकीचा खड्डा कचरा भरून बुजवायचा, वर माती घालून कुरण करायचं, त्यातून गावकऱ्यांसाठी पायवाट काढायची, असं आधीपासून ठरलेलं होतं. म्हणून आम्हालाही परवानगी मिळाली ती ठरावीक वर्षांची. मुदत संपली की टाक्या उपटा, जमीन पूर्ववत करा.

आपल्याकडे तात्पुरती म्हणून ठोकलेली पत्र्याची शेड तीस वर्षं उभी असते आणि तिच्यावर घरपट्टीही लागते. मी तोच स्वभाव घेऊन या कामात उतरले, हे आधीच कबूल करते.

सुरुवातीलाच आपटलो. १९९० च्या टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्टमध्ये कलम ७३ आहे. मिळालेल्या परवानगीतली एखादी अट बदलून किंवा काढून घ्यायची तर त्याखाली अर्ज करतात. आमच्या साहेबांचं म्हणणं, मुदतीची अट क्रमांक २ काढायची, सहा आठवड्यांचं काम. अर्ज काउंटी कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे गेला, कारण कचऱ्याशी संबंधित प्रकरणं तेच बघतात. तिथल्या प्लॅनिंग ऑफिसरचं उत्तर दोन ओळींचं होतं. मुदत नुसती अटीत नव्हती. परवानगीच्या वर्णनातच ‘तात्पुरत्या काळासाठी’ असे शब्द होते. आणि कलम ७३ खाली अट बदलता येते, वर्णन नाही. वेल्समधल्या पवनचक्क्यांच्या फिनी खटल्यात कोर्ट ऑफ अपीलने २०१९ मध्ये हेच सांगितलं होतं. तिथे वर्णनात पवनचक्कीची उंची १०० मीटर लिहिलेली होती आणि अट बदलून ती १२५ करू पाहत होते.

म्हणजे नवा, पूर्ण अर्ज. उभ्या असलेल्या प्लांटसाठी, जणू तो अजून कागदावरच आहे अशा थाटात. नव्या अर्जाला फेब्रुवारी २०२४ नंतरचे नियमही लागू होतील ही धास्ती. निसर्गाचं मोजमाप करून ते किमान १० टक्क्यांनी वाढवून द्यायचं आणि ३० वर्षं सांभाळायचं. कलम ७३ चा मार्ग मिळाला असता तर यातून सुटलो असतो, कारण आमची मूळ परवानगी त्याआधीची.

‘मग अजून पाच वर्षं मागू’ हाही पर्याय चालला नाही. सरकारी मार्गदर्शनात साफ लिहिलंय की दुसऱ्यांदा तात्पुरती परवानगी देणं क्वचितच योग्य ठरतं. पहिली मुदत परीक्षेची. परीक्षा झाली, आता पास की नापास ते ठरवा. तात्पुरती दिली म्हणून कायमची द्यावीच असंही काही नाही, हेही त्याच मार्गदर्शनात आहे.

मी आकडे गोळा करत बसले. किती वीज, किती मिथेन वाचला, इंजिनाच्या धुराचं मोजमाप. ऑफिसरने ते सगळं शांतपणे बाजूला सारलं. प्रदूषणाचा परवाना एन्व्हायर्न्मेंट एजन्सी देते, तो वेगळा. ती आपलं काम नीट करते असं गृहीत धरूनच प्लॅनिंगवाल्यांनी निर्णय घ्यायचा असतो. त्यांचा प्रश्न निराळा: ही जमीन या कामाला कायमची द्यावी का? म्हणजे ट्रक, आवाज, वास, दिसणं, आणि गरज. गरजेच्या बाबतीत आमचं नशीब बरं. ३१ मार्च २०२५ पासून दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या इंग्लंडमधल्या प्रत्येक आस्थापनेने अन्नकचरा वेगळा ठेवायचा आणि वर्षभराने कौन्सिलांनी घराघरांतून तो दर आठवड्याला उचलायचा, असा नियम आला होता. तो जाणार कुठे, हा मुद्दा आम्ही पानभर मांडला.

पण प्रकरण अडलं वासावर.

एका ऑगस्टमध्ये आमच्या कचरा उतरवायच्या शेडचं शटर अर्ध्यावर अडकलं होतं. सुटा भाग यायला तीन दिवस लागले. शेडमधली हवा आत ओढून फिल्टरमधून सोडायची असते. दार उघडं म्हटल्यावर ती सरळ गावाकडे गेली. मी त्या तिन्ही दिवशी कुंपणाला फेऱ्या मारल्या आणि नोंदवहीत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘वास नाही’. त्याच दिवसांत गावातून चौदा तक्रारी आल्या.

नंतर कळलं की रोज त्या वासात वावरणाऱ्या माणसाने वासाची तपासणी करूच नये, नाक सरावतं. एजन्सीच्या मार्गदर्शनातही हे आहे. आमच्या घरी गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एक भिंत. पाहुणे पदर नाकाला लावायचे तेव्हा आम्हाला वाटायचं, यांना सर्दी झालीय. तेव्हापासून सकाळची फेरी आमच्या अकाउंट्समधला मुलगा मारतो. त्याला फार कौतुक नाही त्याचं.

सल्लागाराने वासाचं मॉडेल केलं. पाच वर्षांच्या वाऱ्याच्या नोंदी, नकाशावर कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळं. अतिशय त्रासदायक वासासाठी मर्यादा १.५ ओडर युनिट (हवेतल्या वासाचं माप), आणि वर्षातले ९८ टक्के तास त्या मर्यादेत असायला हवेत. आम्ही बसत होतो. ते चित्र घेऊन मी गावच्या हॉलमध्ये गेले. चहा, बिस्किटं, वीसेक माणसं. पॅरिश कौन्सिलवरच्या, म्हणजे गावच्या पंचायतीतल्या, सत्तरीच्या एक बाई चष्मा लावून तक्ता वाचत होत्या.

"उरलेले २ टक्के म्हणजे किती तास?"

मी मनात गुणाकार केला. "साधारण १७५."

"ते मी उन्हाळ्यात संध्याकाळी बागेत बसते तेव्हाचे आहेत का?"

उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते बऱ्यापैकी ‘हो’ असंच होतं. वारा पडलेल्या उबदार संध्याकाळी वास खाली बसतो. मी तसं सांगितलं. सल्लागाराने माझ्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतंय.

त्याच बाईंनी मग पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढला, खाण सुरू होताना गावात वाटलेला. त्यावर कुरण, झाडं, कुत्रा फिरवणारा माणूस, असं चित्र. त्या म्हणाल्या, "तुमचं यंत्र चांगलं असेल. पण आम्हाला तारीख दिली होती." मला एवढे महिने वाटत होतं की लोक प्लांटच्या विरोधात आहेत. अर्धे लोक त्या तारखेच्या बाजूने होते.

कायद्याने निर्णय १३ आठवड्यांत व्हायचा. आमचा अकरा महिने चालला, दर वेळी ‘मुदतवाढीला संमती आहे का’ असं पत्र, दर वेळी आमची सही. हायवेवाल्यांना ट्रकची वळणं तपासायची होती. पर्यावरणवाल्या बाईंना तळ्यातले सरडेवजा न्यूट हवे होते, म्हणजे ते आहेत का हे हवं होतं, आणि ते फक्त वसंतात मोजता येतात. त्या आठवड्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

त्या पिवळ्या कागदानंतर आम्ही आराखडा बदलला. प्लांट राहील, पण बाकीच्या जमिनीचं कुरण आणि पायवाट आमच्यासाठी थांबणार नाही. शेडला दुहेरी दार, एक उघडं असताना दुसरं उघडणारच नाही असं. स्लरीच्या तळ्यावर झाकण. साहेबांनी खर्च पाहून दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं.

निर्णय कौन्सिलच्या सदस्यांच्या कमिटीत. तिथे प्रत्येक बाजूला बोलायला तीन मिनिटं. ऑफिसरची शिफारस मंजुरीची होती, तरी पहिल्या बैठकीत सदस्यांनी ‘आधी जागा पाहू’ म्हणून विषय पुढे ढकलला. पाहणीच्या दिवशी वारा उलटा होता. त्यात आमचं कर्तृत्व शून्य. दुसऱ्या बैठकीत त्या बाई आमच्या विरोधातच बोलल्या, नेमकं आणि कुठलाही त्रागा न करता. शेवटी म्हणाल्या, देणारच असाल तर पायवाटेची तारीख अटीत लिहा. हात वर झाले, मोजले गेले. मंजूर. पायवाटेची तारीखही लिहिली गेली.

त्यानंतर कोर्टात आव्हान द्यायला सहा आठवडे असतात. ते कोरडे गेल्यावरच साहेबांनी केक आणला. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "पक्कं झालं ना? मग आता वास कमी करा."

अटी तेवीस आहेत. प्रत्येकीचा तपशील वेगळा पाठवून वेगळी मान्यता घ्यायची. सध्या नवव्या अटीवर अडकलोय. कुंपणाला हॉथॉर्नची काटेरी झुडपं लावायची म्हणतोय आम्ही, त्यांना त्यात हेझलही हवंय, आणि लागवडीचा हंगाम मार्चला संपतो.