तीनदा पडणाऱ्याच्या मागून

ईस्टरआधीच्या उपवासकाळातील शुक्रवारी आम्ही काही कुटुंबे सदरमधील संत फ्रान्सिस द सेल्स कॅथेड्रलपासून सेमिनरी हिल्सवरील लूर्दमातेच्या ग्रोटोपर्यंत, म्हणजे मरियेच्या गुहेसारख्या प्रार्थनास्थळापर्यंत, पायी जातो आणि वाटेत क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने, म्हणजे येशूच्या शिक्षेपासून दफनापर्यंतच्या चौदा प्रसंगांच्या प्रार्थना, म्हणतो. अंतर फार नाही, पण मार्च सरत आला की नागपूरचे ऊन सकाळीच डोक्यावर येते, म्हणून उजाडण्यापूर्वी निघावे लागते. ज्या वर्षी वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, त्या वर्षीची वारी माझ्या मनात पक्की राहिली आहे.

छावणीच्या अलीकडे पाचवे स्थान आले. कुरेनेकर शिमोन येशूच्या खांद्यावरचा क्रूस उचलू लागतो, ते हे स्थान. मदत मिळाली, आता पुढची वाट सोपी व्हावी, असे आपल्याला वाटते. पण सातव्या स्थानी येशू पुन्हा पडतो आणि नवव्या स्थानी तिसऱ्यांदा पडतो. या तीन पडण्यांचा उल्लेख बायबलमधील शुभवर्तमानांत नाही, ती भाविकांच्या परंपरेने जपलेली स्थाने आहेत. तरीही ज्यांनी ती या क्रमाने ठेवली त्यांना दुःखाची चांगली ओळख असावी, असे मला वाटते. आमच्याकडेही नातेवाईक धावून आले, औषधोपचार झाले, वडील काठी धरून चार पावले चालू लागले आणि नंतर पुन्हा अंथरुणाला खिळले. देवाने ऐकले नाही, असा निष्कर्ष त्यावरून मी काढला नाही, कारण त्या पहाटे सातवे स्थान माझ्या ओठांवर होते.

टेकडीच्या चढावर नवव्या स्थानी सगळे गुडघ्यांवर आले. माझ्या शेजारच्या मावशींनी पिशवीतून बारदानाचा घडी केलेला तुकडा काढला, तो रस्त्याकडेच्या गिट्टीवर पसरला आणि माझा हात धरून त्या हळूच टेकल्या. त्यांचा कर्ता मुलगा अपघातात गेला होता. उठताना त्या म्हणाल्या, ‘‘पोरी, माझं देवासंग लय भांडण हाय. पण बोलणं मी बंद नाही केलं. रोज सांजच्याला मेणबत्ती लावते, माळ म्हणते, अन् मंग भांडते.’’

टिकाऊ श्रद्धेविषयी अनेक प्रवचने ऐकूनही जे मला उमगले नव्हते, ते या बोलण्यातून उमगले. बायबलमधल्याच स्तोत्रसंहितेत स्तुती आहे तशीच तक्रारही आहे. ‘‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’’ हा बाविसाव्या स्तोत्राचा आक्रोश येशूनेच क्रुसावर उच्चारला. मात्र मावशींचे भांडण टिकले ते रोजच्या जपमाळेमुळे. मुलगा जाण्याच्या कितीतरी आधीपासून ती माळ त्यांच्या हातात होती. तहान लागल्यावर विहीर खणायला त्या बसल्या नव्हत्या.

याच शहरात स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आयुष्य वेचले. ते आमच्या कॅथलिक पंथाचे नव्हते, पण चालताना मला त्यांची आठवण येते. 1845 मध्ये ते नागपुरात आले, पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली आणि 1863 मध्ये टाकळघाटहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय त्यानंतर 20 वर्षांनी, 1883 मध्ये सुरू झाले. सेवेच्या मोबदल्यात सुरक्षितता मिळते, असे ख्रिस्ताने कुणालाही सांगितले नव्हते. त्याने शिष्यांना स्वतःचा क्रूस उचलून मागून यायला सांगितले आणि जगाच्या अंतापर्यंत मी तुमच्याबरोबर आहे, एवढेच वचन दिले.

ग्रोटोपाशी मेणबत्त्या लावून आम्ही लगेच उतरलो, कारण ऊन तापू लागले होते. त्या संध्याकाळपासून वडिलांच्या खाटेशी बसून आम्ही सगळे माळ म्हणू लागलो. वडिलांना शब्द फुटत नव्हते, म्हणून ते बोटांनी एकेक मणी पुढे सरकवत. आणि ज्या दिवशी माझ्या मनात देवाविषयी रागच असे, त्या दिवशी तो राग सांगूनच मी पहिला मणी हातात घेई.